न ऐकणारा वाघ्या

सोलापूर,
५ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांच्या चरणी अक्षदाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही "बरं हाय" म्हणून ठेवून देता, म्हणून पत्र. जन्मभर टपाल वाटलेला माणूस पत्र तरी पुरतं वाचेल.

रविवारी कुत्रं अंगणात बांधून मी सटकले, त्याचा राग आला असेल. पण आई गेल्यापासून तुम्ही दार लावून बसता, दिवसातून एकदाच भात टाकता, हे शेजारच्या रुद्रम्मांनी मला सांगितलं. इथल्या निवारा केंद्रात हा भेटला. पिल्लू नाही, तेव्हा चपला चावणार नाही. लसी झाल्यात, नसबंदी झालीय, घाण बाहेरच करतो. दोन घरांनी ‘ऐकत नाही’ म्हणून त्याला परत आणून सोडलं. आता तिसऱ्यांदा परत गेला, तर त्याला कोण नेणार?

चंपाषष्ठीपर्यंत सांभाळा. नाहीच जमलं तर जीप घेऊन येते आणि दोघांनाही सोलापूरला आणते. त्याला केंद्रात, तुम्हाला माझ्याकडे.

माया आहेच, थोडी त्यालाही द्या.
तुमची,
अक्षदा

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥
अणदूर,
१५ नोव्हेंबर

चि. अक्षदास अनेक आशीर्वाद.

पोस्टमनच्या घरी कुत्रं! माझ्या पोटऱ्या बघितल्या असत्यास तर ही बुद्धी झाली नसती. गल्लीतल्या कुत्र्यांनी एवढी वर्षं जे राहू दिलं, ते आता हा नेणार.

नाव वाघ्या ठेवलंय. ये म्हटलं तर भिंतीकडं बघतो, बस म्हटलं तर उभाच. माझ्या मते ठार बहिरा आहे. पण भांडं वाजलं की कान टवकारतो, म्हणजे बहिरा नाही, मुजोर आहे. सकाळी दोरी ओढत मला वेशीपर्यंत नेतो. वाटेत जो तो थांबवून विचारतो, पोस्टमन, लई दिवसांनी दिसलात. सगळ्यांना उत्तरं देऊन घसा बसला.

खंडोबाच्या गावात कुत्र्याला हाकलू नये, म्हणून गप्प आहे. चंपाषष्ठीचा रोडगा खाऊ दे, मग घेऊन जा. मी मात्र हे घर सोडून येणार नाही.

प्रकृतीस जप.
तुझा,
महारुद्र

सोलापूर,
२४ नोव्हेंबर

ती. बाबांना सा. न.

जीप ठरवली. चंपाषष्ठीनंतर, १५ डिसेंबरच्या रविवारी येते. वाघ्याची दोरी आणि तुमची बॅग, दोन्ही तयार ठेवा. तुम्ही येणार नाही म्हणता, पण तुम्हाला तिथं एकटं सोडून मला झोप येत नाही, हे खरं सांगते. वेशीपर्यंत चालता हे वाचून मात्र दोनदा पत्र वाचलं.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.
अक्षदा

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥
अणदूर,
८ डिसेंबर

चि. अक्षदास अनेक आशीर्वाद.

काल चंपाषष्ठी. तळी भरली, भरीत-रोडगा केला. कुत्र्याचा वाटा आधी काढायचा म्हणून वाघ्याला बोलावलं, तर स्वारी दारातच. देवाचा मान राहून गेला म्हणून मी चिडलो. तेवढ्यात रुद्रम्मा प्रसाद घेऊन आल्या आणि वैतागून म्हणाल्या, बा इल्लि, कुंद्रू. हा पळत आला आणि टेकून बसला! ते कानडीत ‘इकडे ये, बस’. कुण्या कानडी घरातला होता बिचारा. दोन घरं आणि मी, तिघांनी मराठीत आरडाओरडा करून त्याला बदनाम केलं.

तुझी आई कानडी मुलखातल्या आळंदची. एवढ्या वर्षांत मी कानडीतला गोत्तिल्ला एवढाच शब्द शिकलो, म्हणजे ‘माहीत नाही’. आता रुद्रम्मांकडं रोज धडा घेतो.

संध्याकाळी वाघ्यापुढं ताट ठेवलं आणि तोंडातून आपोआप निघालं, ऊटा आतेन्री? जेवण झालं का हो? मी फेरीवरून आलो की तुझी आई दारातूनच हे विचारायची. वाघ्यानं शेपूट हलवली. रुद्रम्मा हसून म्हणाल्या, मालक, कुत्र्याला ‘री’ लावत न्हाईत, ते आपलं नवऱ्याला. मी म्हटलं, मला दुसरं येत न्हाय. ती गेल्यापासून हे शब्द घरात कुणी उच्चारले नव्हते बघ. मला लई बरं वाटलं. मग मीही त्याच्याशेजारी ताट घेऊन बसलो आणि पोटभर जेवलो.

जीप नको, एसटीनं ये. जाताना एकटीच जाशील.

तुझे,
बाबा आणि वाघ्या