आभाळ लुकलुकतं कशानं

१४ जानेवारी
अन् वर माझ्यावरच फुगून बसायचं! तिनं विचारलं म्हणून सांगितलं ना मी? फोनच उचलत नाय काजल. आई म्हणते, "तिला बोलायचं नाय तुझ्याशी." लहानपणापासून हेच — रुसायचं बहिणीनं, मनवायचं मी.
मुरबाडच्या विज्ञान प्रदर्शनात सगळी हसली तिला. माझं नाव घेतलं असणार सगळ्यांसमोर. नॉर्वेतला दादा! इथं मी मासे कापतो ते नसेल सांगितलं.

१५ जानेवारी
चुलतभाऊ दिनेश मांडणी उचलायला गेला होता तिच्याबरोबर. मेसेज टाकलाय — काय रे शास्त्रज्ञ, कवा येतोस सत्काराला?

१६ जानेवारी
खरं लिहितो. इथल्या रात्रीच्या आभाळातल्या हिरव्या उजेडाचा व्हिडिओ घरी पाठवला. काजल म्हणाली, "दादा, हा लुकलुकतो कशानं?" मला काय ठाव! आठवीत शाळा सोडली. पण 'माहीत नाय' म्हणायला जीभ वळली नाय. भातलावणीच्या दिवसांत खाचरातल्या पाण्यावरचं ऊन आमच्या छपराखाली नाचतं, ते आठवलं. दिलं ठोकून — बर्फ चमकतं, त्याचा उजेड वर हलतो. तिनं परातीत पाणी, वर कागद, बॅटरी — तेच मांडलं. परीक्षक म्हणाले, "बाळ, रात्री ऊन कुठून आलं?"
सामानासाठी आईनं दोन कोंबड्या विकल्या. साडेसातशेला.
अन् व्हिडिओ माझा नव्हताच. खोलीतल्या दुसऱ्यानं काढलेला. मी झोपलेलो.

१९ जानेवारी
वेधशाळेतली बाई मासे घ्यायला आली. विचारलंच. माझं मोडकं इंग्रजी, तिचे हात. कळलं ते असं — विजेचे बारीक कण वरून येऊन हवेला धडकतात, हवा उजळते. पण हजारो किलोमीटर उंच विजेच्या अन् चुंबकाच्या लाटा असतात. त्या कणांना झटके देतात. जास्त कण आले की लख्ख, कमी आले की मंद — सेकंदाला दहा-दहा वेळा! आई पाखडते तेव्हा सुपातलं भात झोक्याझोक्यानं उडतं, तसं.
जाताना म्हणाली, सगळं अजून आम्हालाही माहीत नाही. हसत म्हणाली! एवढी शिकलेली बाई.

२० जानेवारी
बाहेर जाऊन उभा राहिलो. दिसलं. लुकलुकत होतं. त्या उजेडानं खालचं बर्फ हिरवं झालेलं. मी सगळं उलटं सांगितलं होतं.

२२ जानेवारी
दिनेशचा फोन. "परीक्षकांनी इचारलं, तुला हे कोणी सांगितलं? काजल बोलली, कोणी नाय, माझं मीच ठरवलं. तुझं नाव नाय काढलं रे तिनं."
तिला लिहिलं — मला माहीत नव्हतं.
आईला साडेसातशे पाठवतोय.