संस्कृतीचं अभिजात शिक्षण

१६ जून, पहाटे ५.४०
आजपासून लेकीचं, संस्कृतीचं, शिक्षण जुन्या, अभिजात पद्धतीनं. यूट्यूबवरचा त्याचा व्हिडिओ दोनदा पाहिला. तीन पायऱ्या: पाठांतर, तर्क, वक्तृत्व. पोरगी चौथीत गेली, म्हणजे उशीरच झालाय. पण मी भरून काढीन. दिवाळीपर्यंत अख्ख्या जळोचीत तिच्यासारखी बोलणारी मुलगी नसेल. ट्यूशन बंद केली. राजलक्ष्मी म्हणाली, घाई करू नका. बायकोला लांबचं दिसत नाही.

५.५५
संस्कृती उठली नाही.

१९ जून
'रामः रामौ रामाः' सुरू. चौथ्या ओळीला तिनं विचारलं, 'रामाय' म्हणजे काय. व्हिडिओत ते आलं तेव्हा दुकानात ठिबकच्या नळ्यांचं गिऱ्हाईक होतं. उद्या सांगतो म्हणालो.

२१ जून
मोठा शोध. पूर्वीचे थोर गुरू उत्तर देतच नसत. उलट प्रश्न विचारत आणि शिष्य स्वतः शोधत. हे मला उपजतच जमतं. आज तिनं विचारलं, समुद्राचं पाणी खारट का. मी म्हणालो, तुला काय वाटतं? ती विचारात पडली. मी चहा घेतला.
पाठांतराची पायरी पूर्ण झाली असं धरलं.

५ जुलै
दोन आठवडे, त्रेसष्ट प्रश्न. एकाचंही उत्तर दिलं नाही. लोणी भापकरहून आई आलीय. तासभर बघत बसली आणि राजलक्ष्मीला म्हणाली, "मानसिंगला सोताला येत न्हाय, म्हनून त्यो पोरीलाच इचारतोय."
आई दुसरीपर्यंत शिकलेली. मनावर घेतलं नाही.

२६ जुलै, दुपारी
वर्गशिक्षिका प्राची मॅडमनी शाळेत बोलावलं. परिसर अभ्यासाचा पेपर पुढं ठेवला. 'वनस्पती अन्न कसे तयार करतात?' संस्कृतीचं उत्तर: 'तुम्हाला काय वाटतं?' दहाही प्रश्नांना तेच, वळणदार अक्षरात. वीसपैकी शून्य.
मी पद्धत समजावली. मॅडमनी शांतपणे विचारलं, मग वनस्पती अन्न कसं तयार करतात? बाजूला आणखी दोन पालक उभे होते. मी म्हणालो, पाणी लागतं. ऊन लागतं. खत ठिबकमधून दिलं तर उत्तम. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं.
येताना संस्कृती गाडीवर मागं बसून रडत होती. आरशात दिसली.

संध्याकाळी
जेवायला बसलो. संस्कृतीनं विचारलं, "पप्पा, तुम्हाला उत्तरं येत नव्हती का?"
"नव्हती."
"मग तसं सांगायचं ना. मला वाटलं, येत असलं तरी सांगायचं नसतं."


१ ऑगस्ट
ट्यूशन पुन्हा सुरू. ने-आण माझ्याकडे. सहा ते सात गेटबाहेर गाडीवर बसायचं. आज बाहेर आल्यावर तिनं रस्ताभर मला अपूर्णांक समजावून सांगितले. मग विचारलं, कळलं का. मी हो म्हणालो.
तिनं पहिल्यापासून पुन्हा सांगितले.