अर्जातलं ‘नाही’

ता. ४ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तीन पानं खांद्याचं रडगाणं आणि शेवटी दोन ओळीत ऑपरेशन, असं कुणी लिहितं का? मुद्दा आधी लिहावा. तुझ्या मामीने वाचून दाखवलं आणि तिसऱ्या पानापर्यंत मी रंधा हातात धरून तसाच उभा.

डॉक्टर म्हणाला खांदा झिजलाय, तर झिजला असेल. कुबडीवर वीस-बावीस वर्षं भार टाकलास, लाकूडसुद्धा झिजतं. करून टाक ऑपरेशन. घाबरायचं काय त्यात? तुझा आरोग्य विमा मी तीन वर्षांपूर्वीच उतरवलाय, एजंटाला इथे कारखान्यात बसवून. अर्ज मी स्वतः भरला. सातवी नापास माणसाने भरला तरी एक खाडाखोड नाही. तो कागद दाखव आणि मोकळी हो. उगाच चार जणांना विचारत बसू नकोस.

खांद्याला शेक दे. छापखान्यातल्या लोकांना म्हणावं, पोरीला जिने चढायला लावू नका. आणि लोभ आहेच, तो काय लिहून दाखवायचा.

तुझा मामा

ता. ११ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तू म्हणालास म्हणून कंपनीकडून त्या अर्जाची नक्कल मागवली. अक्षर तुझंच, ‘नाही’तल्या ‘ही’ला वेलांटी विसरलास. प्रश्न असे आहेत : जन्मापासून किंवा लहानपणापासून काही अपंगत्व? तू लिहिलंस, नाही. चालताना काही आधार लागतो? नाही. पूर्वी ऑपरेशन? नाही. खाली सही माझ्या नावाची, तीही तूच केलेली.

मामा, माझ्या डाव्या पायाची दोन ऑपरेशनं झालीत. दोन्ही वेळा बाहेरच्या बाकावर तूच होतास. कुबड्या तर तुझ्याच हातच्या, दर दोन वर्षांनी नवी जोडी.

सर्जनच्या कागदाची पहिलीच ओळ अशी आहे : लहानपणापासून डावा पाय कमजोर, कुबड्यांवर चालते. हा कागद आणि तुझा अर्ज एका टेबलावर आले की काय होईल, तूच सांग. वर्षभरात ऑपरेशन झालं नाही तर हात वर उचलणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. पाय नाही आणि हातही नाही, मग मी करू काय?

रागावले नाहीये. घाबरलेय.

तुझी भिंगरी

ता. १५ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

छापखान्यात मुद्रितं तपासून तपासून तुला सगळीकडे चुकाच दिसायला लागल्यात. ‘नाही’ लिहिलं ते बरोबरच लिहिलं. तू आजारी कधी होतीस? ताप नाही, खोकला नाही, एक दिवस कामावर खाडा नाही. पाय म्हणजे काय आजार आहे?

माझं ऐक. गप्प बस. जिन्यावरून पडले म्हण. डॉक्टरला सांग, पहिली ओळ गाळून दुसरा कागद दे. मामी म्हणते हे चूक आहे, पण ती सगळ्यालाच चूक म्हणते. कंपनीतल्या वरच्यांना पत्रबित्र लिहायच्या फंदात पडलीस तर माझ्याशी गाठ आहे.

रागावलो तरी माया तुझ्यावरच आहे.

मामा

ता. २ एप्रिल

ती. मामास,
सा. न.

तुझ्याशी गाठ पडायची तयारी ठेवून लिहितेय. मी कंपनीला खरं कळवलं. डॉक्टरांकडे मी खोटा कागद मागू शकले नाही. मागच्या आठवड्यात उत्तर आलं : माहिती लपवली, विमा रद्द.

त्यानंतर नव्या विम्यासाठी तीन ठिकाणी जाऊन आले. एका एजंटाने माझ्या कुबड्या पाहिल्या आणि बाहेर काढलेला अर्ज परत पिशवीत घातला, पाणी मात्र आग्रहाने पाजलं. दुसऱ्या ठिकाणच्या बाई आधी फोनवर ताई-ताई करत होत्या, तिथे जाऊन पायाचं सांगितलं तर म्हणाल्या, साहेब जेवायला गेलेत. तिसऱ्याने विचारलं, सोबत कुणी मोठं माणूस नाही का? मी सत्तावीस वर्षांची आहे, मामा.

एवढंच सांग. तू ‘नाही’ का लिहिलंस? विसरणारा माणूस तू नव्हेस.

उत्तर पाठव, शिव्या घातल्यास तरी चालेल.

भिंगरी

ता. २० एप्रिल

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

सोमवारी कारखाना बंद ठेवून कंपनीच्या हपिसात गेलो. काचेमागच्या बाईंना सांगितलं, लबाडी माझी आहे, पोरीने अर्ज पाहिलाही नव्हता. त्या म्हणाल्या, लिहून द्या, कारणासकट.

तेच तुला लिहितो. तुझी आई गेली त्या वर्षी तुला शाळेत घालायला नेलं. अर्जात खरं लिहिलं, पोरगी अपंग आहे. हेडमास्तरने अर्ज माझ्या हातात परत दिला. वर बघितलंसुद्धा नाही. तू दाराशी माझं बोट धरून उभी होतीस. दुसऱ्या शाळेत ‘नाही’ लिहिलं. त्यांनी नाव घातलं. पहिल्या दिवशी त्यांनी तुला चालताना बघितलं तेव्हा उशीर झाला होता, आणि मास्तरीण बरी निघाली. तेव्हापासून जो कागद समोर आला त्यावर हात आपोआप तेच लिहितो.

बाईंनी वाचलं, आत गेल्या, तासाने आल्या. जुना विमा गेला तो गेला. नवा देतील, तपासणी करून. पायाला कधीच काही मिळणार नाही. खांद्याला तीन वर्षांनी. मग तुझ्या सर्जनकडे गेलो, विचारलं, तीन वर्षं खांदा टिकेल का? म्हणाले, कुबड्या सोडून चाकाच्या खुर्चीत बसली तर टिकेल. खुर्चीचं नाव मला ऐकवत नाही. पण ते माझं झालं.

नवा अर्ज सोबत आहे. कोराच पाठवतोय. माझं पेन मी लावलेलं नाही.

मामा

ता. २६ एप्रिल

ती. मामास,
सा. न. वि. वि.

त्या पहिल्या शाळेचं मला काहीच आठवत नाही. तुझ्यावर ओरडावं का तुझ्या गळ्यात पडावं, दोन दिवस ठरेना. भेटल्यावर दोन्ही करीन.

अर्ज भरला. अपंगत्व? होय. आधार? होय. ऑपरेशनं दोन. तीन वर्षं फार आहेत, मामा, आणि पायाला कधीच नाही म्हणजे माझ्या अर्ध्या अंगाला विमाच नाही. हे मला अजून गिळता आलेलं नाही. तरी सही केली, माझी मी.

खुर्ची शनिवारी येतेय. रविवारी मी तिच्यात बसून तुझ्याकडे येणार. तुझा उंबरा चार बोटं उंच आहे. उचलून आत घ्यायचं नाही, तूही नाही आणि मामीनेही नाही. काढून टाक.

भिंगरी