लांडगीची नोंद

१४ नोव्हेंबर, दहिवडी

ओढ्याकाठचा कॅमेरा आज पुन्हा बाभळीच्या खोडाकडे तोंड करून. दुसऱ्यांदा. पट्टा घट्ट, कुलूप जसंच्या तसं. मेंढरं घासली असती तर वाकडा झाला असता. हा नीट फिरवलाय. कार्डात नुसतं खोड.

दीपक म्हणाला, "वारं लय हाय मॅडम हितं." दीपक कंपनीचा माणूस. माझी गाडी, खोली, गावातल्या परवानग्या, सगळं तोच बघतो. 

इथं सोलर प्रकल्प यायचाय. त्याआधी माळावर काय उगवतं, काय फिरतं ते मी नोंदवायचं. कंपनीच्या कागदांत माळ आधीच 'पडीक' झालाय.

१६ नोव्हें.

चहा पिताना दीपकनं सहज विचारलं, उद्या कॅमेरे कुठं? सहज? खाणीजवळ, मी म्हणाले. एक तिथं लावला. दुसरा कुणाला न सांगता टेकडीमागच्या घळीत.

अम्मीचा फोन. शनिवारी कराडला ये. पाहुणे कोण ते सांगेना. म्हणजे स्थळच.

१९ नोव्हें.

खाणीजवळचा जागच्या जागी. मुंगूस, एक खोकड, आणि आडोशाला आलेला दीपक. घळीतला फिरवलेला.

म्हणजे दीपक नाही. किंवा मला तसं वाटावं म्हणून...

घळीत ओल्या मातीत ठसे. कुत्र्यापेक्षा मोठे, एका रेषेत. विष्ठेत सशाचे केस. पिशवीत घेतली. लांडगा असणार. निघाला तर हा माळ पडीक म्हणता येणार नाही. इतक्यात कुणाला सांगायचं नाही.

२० नोव्हें.

घळीच्या वर हौसाबाईंचा वाडा, मेंढरांचा. धनगर, साठीच्या असतील. धाकट्या मुलासोबत राहतात. चहा दिला, मेंढीच्या दुधाचा. इथं लांडगे दिसतात का, विचारलं.

"न्हाई बाई. कवाच गेली ती. कुत्री हायती नुस्ती."

त्यांच्या दोन्ही कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे. लांडगे नाहीत तर ते कशाला?

संध्याकाळी पुण्याहून सरांचा फोन. सर्व्हे त्यांच्या संस्थेचा, शेवटची सहीही त्यांचीच. इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "ठशांवर जाऊ नकोस. कुत्र्याचेही तसेच दिसतात."

ठशांबद्दल मी सरांना बोललेच नव्हते.

२२ नोव्हें.

पहाटेच जाऊन घळीच्या कडेला करवंदीच्या जाळीआड बसले. गाडी नाही घेतली, चालत गेले. उजाडल्यावर मेंढरं आली, मागून हौसाबाई. कॅमेऱ्यापाशी थांबल्या. भिंग पदरानं पुसलं आणि मग तो खडकाकडे फिरवला. पुसायचं कशाला, कळलं नाही.

मी खाली उतरले. दचकल्या नाहीत.

"व्हय, मीच फिरीवला."

"का?"

"माझ्या भावाकडं तुमच्यावाणीच मानसं आल्ती. हरनं मोजली न् गेली. मागनं फारेष्टाची तार पडली. आता मेंढरू घातलं की दंड."

म्हटलं, "कंपनी आली तरी तार पडणारच की."

"पडंल. पर ती धाकट्याला वॉचमन करनार हाय. हरनं काय करत्यात?"

"हे दीपकनं सांगितलं? कॅमेरे फिरवायलाही त्यानंच?"

"मेंढरू पांगलं," म्हणाल्या आणि चालू लागल्या. मेंढरं समोरच उभी होती. थोडं पुढं जाऊन वळल्या. "पिलं हायती तिची. लय जवळ जाऊ नगंस."

दिवसभर तेच डोक्यात. सांगितलं कशाला?

२४ नोव्हें.

शनिवारी गेले नाही. अम्मी बोलत नाही.

सरांना विष्ठा, ठसे, पिलं, सगळं सांगितलं. हौसाबाईंचं नाव सोडून. सर म्हणाले, "फोटो आहे?" नाही. "मग 'विशेष नोंद नाही' लिही. पुढच्या हंगामात बघू." पुढच्या हंगामात इथं सोलरच्या काचा असतील. तेही सांगितलं. "रेश्मा, तू दमलीयेस," म्हणाले.

२५ नोव्हें.

दिसली.

सकाळी, समोरच्या उतारावर, वाळल्या कुसळी गवतातून. मानेला धरून पिल्लू नेत होती. थांबली, माझ्याकडे पाहिलं. ना घाई, ना भीती. मग चढून पलीकडे. मोबाईल खिशातच राहिला. हात गेलाच नाही तिकडे. इतकी वर्षं हे काम करतेय, लांडगीला पिल्लू नेताना पहिल्यांदाच पाहिलं. खाली बसून रडले थोडी. का, माहीत नाही.

पण तिनं पिलं का हलवली? कुणी डिवचलं का? घळीत बिडीचं थोटूक मिळालं. हौसाबाई तंबाखू खातात.

२७ नोव्हें.

अहवालात लिहिलं: लांडगा, मादी, पिल्लासह, प्रत्यक्ष पाहिली. जागा टाकली. सरांना पाठवला. उत्तर एवढंच: "बघतो."

दुपारी माझ्या खोलीच्या दारात हौसाबाई. एकट्याच. पायरीवर बसल्या, पाणी मागितलं.

"लिवलंस?"

"लिहिलं."

तांब्या खाली ठेवला. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मग आमी मेंढरं घिऊन जायाचं कुठं, ते बी लिवलंस का?"

ते माझ्या कामात येत नाही, म्हणणार होते.  तोवर त्या उठल्या.

माळापासून इथवर चालत आल्या असतील असं धरून मी गॅलरीत गेले, स्टँडपर्यंत सोडू का विचारायला. खाली वळणावर आमची पांढरी गाडी उभी होती. दीपकनं आतून दार उघडलं. त्या पुढं बसल्या.

दीपकला फोन लावला. उचलत नाही.