छापा आला तर नरखेड

२ फेब्रुवारी १९७५, रविवार

प्रेमिला माहेरी नरखेडला निघून गेली त्याला तीन आठवडे झाले. कारण क्षुल्लक. मी गोडाऊनवर ट्रक-ड्रायव्हरांबरोबर तीन पत्ती खेळतो. जाताना म्हणाली, पत्ते सुटले की घ्यायले या. मी जुगारी नाही, प्रॉबेबिलिटीचा अभ्यासक आहे, हे तिच्या डोक्यात शिरत नाही. हरतो ते पत्ते वाईट येतात म्हणून. थिअरी बरोबर आहे.

संकल्प : आजपासून पत्ते बंद.

३ फेब्रुवारी

पत्ते बंद. दुपारी एका ड्रायव्हरच्या मागे उभं राहून फक्त पाहिले. पाहणं म्हणजे खेळणं नव्हे.

तिला आणायला जावं का? गेलो तर मेहुणा शालिकराम जन्मभर दात काढेल. निर्णय निष्पक्ष हवा. म्हणून रोज एकदा नाणं फेकायचं. छापा आला तर जायचं. पैसे लावायचे नाहीत, म्हणजे जुगार नाही.

काटा आला. आधी बरं वाटलं, मग वाटेना.

५ फेब्रुवारी

सलग तिसरा काटा. आता काट्याचा कोटा संपला, उद्या छापा यायलाच पाहिजे. बॅग भरून ठेवली. भात पुन्हा उरला. एकट्याला किती तांदूळ लागतात, हे गणित मला अजून जमत नाही.

६ फेब्रुवारी

काटा. शेजारच्या सिंधूताईंना लॉ ऑफ ॲव्हरेजेस समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, भाऊ, नाण्याले काहून इचारून राहिले, बायकोले इचारा ना. शिक्षण नसलं की असं होतं.

८ फेब्रुवारी

काल काटा होता. आज छापा! दाढी केली, चपला घातल्या. मग विचार केला, एका छाप्यावर शास्त्र चालत नाही. सॅम्पल फार लहान आहे. उद्या सुट्टी, एका बैठकीत शंभर वेळा फेकतो.

९ फेब्रुवारी, रविवार, दुपारी ३

दार आतून लावून बसलो होतो. अर्ध्याच्या पुढे गेलो आणि कडी वाजली. सिंधूताई, साखर हवी असणार. उठलो असतो तर मोजणी चुकली असती. फेकत राहिलो. पुन्हा वाजली, मग थांबली. माणसांना दुसऱ्याच्या कामाची कदर नाही.

छापा चोपन्न, काटा सेहेचाळीस. निकाल लागला. उद्या पहिल्या बसने नरखेड. तिला सांगणार, पत्ते सोडले. खूश होईल.

रात्री ८

सिंधूताई संत्र्यांची पिशवी देऊन गेल्या. दुपारी प्रेमिला आली होती. ट्रंक घेऊन, राहायला. दोनदा कडी वाजवली. आत फरशीवर नाणं वाजत होतं. सिंधूताईंना म्हणाली, पहिले बाहेर खेळत होते, आता घरीच अड्डा बसवला. पिशवी त्यांच्याकडे ठेवली आणि चारच्या बसने परत गेली.

चारला मी चहा पीत होतो.

उद्या गेलो तर ती दार उघडेल का, याची शक्यता काढायला बसलो. निघत नाही. घर फार रिकामं वाटतं आहे.

एक संत्रं सोललं. सवयीने दोन भाग केले. एक खाल्ला. दुसरा ताटलीत आहे.