उजवीकडचं फूल

३ जाने.
गोळा बरा गेला. बसून फेकायच्या खुर्चीचा पट्टा सैल होता, तरी. गोळाफेक शिकवणारे सर पणजीहून आलेले. म्हणाले, "असंच राहिलं तर राष्ट्रीय संघात तू पक्की." कारापुरात इतकं गोड कोण बोलतं!

९ जाने.
आई तेल चोळत होती आणि उजवी मांडी उचलली गेली. मी उचलली! ट्रकाने उडवल्यापासून मेलेली मांडी. आई किंचाळली, "हाललो गो! पाय हाललो तुजो!" दोघी रडलो.

१० जाने.
दर वर्षी आई देवीला कौल लावते, हिचा पाय येईल का. यंदा मूर्तीच्या उजवीकडचं फूल पडलेलं, म्हणजे होकार. आता गावभर सांगत सुटलीय.

१३ जाने.
डॉक्टर म्हणतात हलेल एवढंच, उभं राहणं विसरा. सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी काही ऐकलं नाही." पुढल्या महिन्यात अपंगत्वाचा वर्ग ठरवायची तपासणी. मांडीत जोर दिसला की वरचा, कमी अपंगांचा वर्ग. तिथल्या बायका मांडीच्या रेट्यावर फेकतात, त्यांच्यात मी शेवटची. संघ गेला. लपवलं आणि सापडले तर बंदी.
छान!

१४ जाने.
आईला म्हटलं, आता कुणाला सांगू नको, लपवू या.
"देवीन दिलां तें लिपोवचें?"
म्हटलं, मला पाय नको, गोळा हवाय. बोलून गेले. तिचं तोंड बघवेना.

२८ जाने.
सराव नाही. आई तेल चोळत नाही, मी मागत नाही. घरात नुसता रेडिओ बोलतो.

१ फेब्रु.
आई न सांगता देवळात. शेजारची सुमनवहिनी तिथे होती, तिनं सांगितलं. आईनं गाऱ्हाणं घातलं: चेडवाक दिलंस तें परत घे. इतकी वर्षं लेकीच्या ज्या पायासाठी उपास केले, तोच. मग कौल लावला. कुठलं फूल पडलं, वहिनीला गर्दीत दिसलं नाही.
आईला विचारलं. "आदीं जेव."


२ फेब्रु.
उद्या तपासणी. खुर्ची बांधून ठेवली, गोळा पुसला. चादरीखाली मांडी उचलून पाहिली. उचलली गेली, कालच्यापेक्षा वर. बरं वाटलं. त्याचाच राग येतोय.
आई दारात उभी होती, सगळं पाहिलं तिनं. पदराच्या गाठीत कौलाचं ते फूल आहे. कुठल्या बाजूचं ते सांगत नाही, मीही आता विचारत नाही.
उद्या मांडीवर हात ठेवून तपासणारे म्हणतील, उचला. तेव्हा मी—