करदात्याची आई

४ ऑगस्ट, सकाळी ९
सत्यमच्या ऑनलाइन सेंटरवर आयुष्यातलं पहिलं इन्कम टॅक्स रिटर्न भरलं. सत्यमनं खरं उत्पन्न विचारलं. म्हणालो, खरं सोड, बँकेच्या लोनला शोभेल ते टाक. त्यानं सहा लाख टाकले. वर टॅक्स शून्य! आष्टीत जळालेल्या मोटरी भरून देणाऱ्यांत पहिला करदाता मीच.

६ ऑगस्ट
दुकानाच्या पाटीवर 'शहादेव रिवाइंडिंग'खाली 'करदाता' लिहायला सांगितलं. पेंटरनं 'कर्जदाता' लिहिलं. दिवसभरात तिघं उसने मागून गेले.

२५ ऑगस्ट
बँकेत प्लॅन सांगितला. मोठं वर्कशॉप, चार कामगार, सगळ्यांना विमा, पीएफ. मॅनेजर म्हणाले, तीन वर्षांची रिटर्न आणा. म्हणजे दोनच राहिली. सध्या कामगार एकच, धर्मराज. त्याला पीएफ समजावला. म्हणतो, नगद द्या मालक, कापाकापी नको. या लोकांना भविष्याचं काही पडलेलंच नाही.

१० सप्टेंबर
आईचा पगार आला नाही. पगार म्हणजे निराधार पेन्शन, पण आई पगारच म्हणते. त्यातून तिच्या बीपीच्या गोळ्या, चहापत्ती, नातीला बिस्किटं. कुणापुढं हात पसरत नाही. सर्व्हर डाऊन असणार.

८ ऑक्टोबर
सर्व्हर चालू आहे. सत्यमनं स्क्रीनवर दाखवलं: मुलाचं उत्पन्न सहा लाख, म्हणून आईचं नाव कमी. बायको सुरेखा लई बोलली. कुठं ठेवलेत सहा लाख, म्हणून पिठाच्या डब्यात हात घालून बघितलं. मी ठरवलं, आजपासून आईच्या गोळ्या मीच आणणार. सरकार कशाला पाहिजे?

९ ऑक्टोबर
मेडिकलवर लई गर्दी. उद्या नक्की.

२ नोव्हेंबर
आई अर्धीच गोळी घेते. म्हणते, अख्खी मानवत न्हाई. पटलं. औषध बेतानंच घ्यावं.

३ नोव्हेंबर
सत्यमला विचारलं, उत्पन्न कमी करता येईल का? म्हणाला, लपवणारे लई बघितले, नसलेलं दाखवून रडणारे तुम्हीच पहिले. तहसील कचेरीतल्या क्लार्कनं रस्ता सांगितला: 'मुलगा सांभाळत नाही' असं आईचं ॲफिडेव्हिट द्या. तिथंच उठून आलो. करदात्याला काही इज्जत असते की नाही?

२४ नोव्हेंबर
काल आई मोरीत चक्कर येऊन पडली. ॲफिडेव्हिट करून घेतलं. मजकूर मीच दुकानातून फोनवर सत्यमला सांगितला. डोळ्यांना पाणी आलं, पण दुकानात मोटरीच्या वार्निशचा वास असतोच. आईचा अंगठा घेतला. काय लिहिलंय ते सांगितलं नाही.

१ डिसेंबर
कचेरीत सुनावणी. साहेबांनी वाचून दाखवलं आणि आईला विचारलं, मुलगा सांभाळत नाही, हे खरं का? आई ताडकन उठली. म्हणाली, कुणी लिव्हलं ओ असं? माजा शादेव लई सांभाळतो. गोळ्या आणतो, दूध आणतो, रोज पाय चेपून देतो. बाहेर बसलेल्यांनाही ऐकू गेलं. मी एकही दिवस पाय चेपलेले नाहीत. साहेबांनी सगळं लिहून घेतलं आणि अर्ज नामंजूर केला.

येताना आई लई खुशीत. साहेबाचा गैरसमज काढला म्हणाली. मग विचारलं, पगार कधी पडल?

पंधरा दिवसांत, म्हणालो.